जुन्या स्नेहाचे इमान

मराठीत ‘इमान’ हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आला आणि येथे रुळता रुळता त्याने आपला अर्थ काहीसा पालटला. मूळ अरबीत इमान म्हणजे श्रद्धा; ईश्वर, त्याचे प्रेषित, त्याचे ग्रंथ आणि अंतिम न्यायाचा दिवस यांवरील दृढ विश्वास. मराठी माणूस मात्र ज्याला इमानी म्हणतो तो खाल्ल्या मिठाला जागणारा, एकनिष्ठ माणूस होय; आणि ज्याला तो बेइमान म्हणतो तो नास्तिक नसून कृतघ्न आणि दगाबाज असतो. धर्मशास्त्रातील एक भारदस्त संज्ञा बाजारात आणि बैठकीत उतरली की तिचे असे सामान्यीकरण व्हायचेच, असे यावर कोणी म्हणेल. परंतु हे सामान्यीकरण मुळाला सोडून झालेले नाही. इमाम बुखारी (८१०–८७०) यांचा हदीससंग्रह मुस्लिम जगतात अत्यंत प्रमाणभूत मानला जातो. त्यातील शिष्टाचारविषयक खंडातल्या एका प्रकरणाच्या शीर्षकाचा आशय असा आहे, की जुन्या संबंधांचे उत्तम रीतीने पालन करणे हा इमानाचाच एक भाग होय. म्हणजे मराठी माणसाने ‘इमान’ या शब्दात जो अर्थ ऐकला तो अरबी परंपरेलाही परका नव्हता.

मैत्रीच्या परिसरातले इतरही काही शब्द याच वाटेने मराठीत आले. ‘सोबत’ हा शब्द अरबी ‘सुहबत’वरून आला. कचेरीत वरिष्ठाला उद्देशून उच्चारला जाणारा ‘साहेब’ हा शब्दही त्याच धातूचा. त्याचा मूळ अर्थ सोबती. पैगंबरांच्या सहवासात आलेल्या अनुयायांना ‘सहाबा’ म्हणतात, तेही याच धातूवरून. इस्लामच्या पहिल्या पिढीची ओळख शिष्य किंवा सेवक अशा शब्दाने झाली नाही, ती सोबती या शब्दाने झाली, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. ज्या धर्माचा पहिला समाज सोबत्यांचा होता, त्या धर्माने सोबतीचे, विशेषतः दीर्घकाळच्या सोबतीचे मोल काय ठरविले, हे पाहणे म्हणूनच उद्बोधक ठरते.

खदीजांच्या मैत्रिणी

बुखारींच्या ज्या प्रकरणाचा उल्लेख वर आला, त्यात त्यांनी एकच प्रसंग दिला आहे आणि तो मोठा घरगुती आहे. महंमद पैगंबरांच्या प्रथम पत्नी हजरत खदीजा यांचे निधन इ.स. ६१९ च्या सुमारास मक्केत झाले. सुमारे पंचवीस वर्षांचे हे सहजीवन. तेवढ्या काळात पैगंबरांनी दुसरा विवाह केला नव्हता. खदीजांच्या मृत्यूचे ते वर्ष इस्लामी इतिहासात दुःखाचे वर्ष म्हणूनच ओळखले जाते. पुढे इ.स. ६२२ मध्ये हिजरत घडली. मदिनेत नवा समाज, नवी सत्ता, नवा संसार उभा राहिला. अशा या नव्या जीवनातही पैगंबर घरी बकरे कापले गेले की त्याचे वाटे करून खदीजांच्या मैत्रिणींकडे आठवणीने पाठवीत. ही हकीकत सांगणाऱ्या आहेत हजरत आयेशा, पैगंबरांच्या पुढील काळातील पत्नी. आपण खदीजांना पाहिलेदेखील नव्हते, तरी पैगंबरांच्या कोणत्याही पत्नीचा वाटला नाही तेवढा हेवा आपल्याला त्यांचा वाटे, असे त्या मोकळेपणाने सांगतात.

हा हेवा एकदा शब्दांतून बाहेर पडला. त्या कुरैशी म्हातारीचे एवढे काय घेऊन बसलात, ईश्वराने आपणांस तिच्याहून चांगली पत्नी दिली आहे, अशा अर्थाचे उद्गार आयेशांनी काढले. त्यावर पैगंबरांनी जे उत्तर दिले त्यात खदीजांच्या रूपगुणांचे वर्णन नाही. हिशेब आहे तो उपकारांचा. लोक नाकारीत होते तेव्हा तिने विश्वास ठेवला, लोकांनी हात आखडता घेतला तेव्हा तिने आपले धन पुढे केले, असा त्या उत्तराचा आशय. जुन्या स्नेहाचे मोल नव्या स्नेहाच्या तराजूत तोलता येत नाही. पडत्या काळात जो जवळ उभा राहिला त्याची जागा चढत्या काळात येणाऱ्या कोणालाही देता येत नाही, मग तो कितीही गुणी असो.

याच विषयावरील आणखी एक हकीकत हाकिम नैशापुरी यांच्या संग्रहात येते. एक वृद्धा मदिनेत आयेशांच्या घरी आली. पैगंबरांनी तिचे आस्थेने स्वागत केले, तिचे नाव विचारले, आणि ते अर्थाने अप्रिय वाटणारे नाव ऐकताच तिला ‘हस्साना’, म्हणजे अतिशय सुंदर, असे नवे नाव दिले. आपल्यामागे तुम्हा सर्वांचे कसे चालले होते, अशी त्यांनी पुन्हा पुन्हा चौकशी केली. ती निघून गेल्यावर आयेशांनी आश्चर्याने विचारले, की एका साध्या म्हातारीचे एवढे आगतस्वागत कशासाठी? त्यावर मिळालेले उत्तर असे, की खदीजांच्या दिवसांत ती आपल्या घरी येत असे, आणि जुने संबंध नीट राखणे हे इमानात मोडते. त्या वृद्धेने काही मोठी सेवा केल्याची नोंद नाही. तिचे येणेजाणे होते, एवढाच तिचा अधिकार. आणि तेवढा अधिकार पुरेसा मानला गेला.

इ.स. ६२४ मधील बद्रच्या लढाईनंतरचा प्रसंगही याच धाग्यातला. पैगंबरांचे जावई अबुल आस त्या वेळी मक्केच्या बाजूने लढले आणि कैद झाले. त्यांच्या सुटकेसाठी मक्केहून पैगंबरकन्या झैनब यांनी जो ऐवज पाठविला त्यात एक कंठा होता. तो खदीजांनी मुलीच्या लग्नात तिच्या अंगावर घातलेला होता. तो दृष्टीस पडताच पैगंबरांचे मन भरून आले. तथापि त्यांनी स्वतःच्या अधिकारात कैदी सोडून दिला नाही. अनुयायांना योग्य वाटल्यास त्यांनी कैदी मुक्त करावा आणि कंठाही परत पाठवावा, असे त्यांनी सुचविले, आणि अनुयायांनी ते मान्य केले. जुन्या आठवणीने मन हेलावले तरी ज्यावर सर्वांचा हक्क होता त्याचा निर्णय सर्वांना विचारून झाला, हे या प्रसंगात विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे.

वडिलांचा मित्र

मैत्री ही दोन व्यक्तींमधली गोष्ट. ती त्या दोघांबरोबर संपते, असा सर्वसाधारण समज आहे. इस्लामी शिकवण येथे एक पाऊल पुढे जाते. तिच्या मते मैत्री वारशाने येते. संपत्तीप्रमाणे आणि कर्जाप्रमाणे वडिलांचे स्नेहसंबंधही मुलाकडे येतात आणि ते त्याला चालवावे लागतात.

सहीह मुस्लिम या संग्रहात यासंबंधी एक बोलकी कथा आहे. दुसरे खलिफा हजरत उमर यांचे पुत्र अब्दुल्ला मक्केच्या वाटेवर होते. उंटाच्या प्रवासाचा शीण आला की बसण्यासाठी त्यांनी एक गाढव बरोबर घेतले होते. वाटेत एक वाळवंटी अरब भेटला. त्याची ओळख पटताच अब्दुल्लांनी ते गाढव त्याला देऊन टाकले आणि डोक्यावरचा फेटाही उतरवून त्याच्या हाती दिला. बरोबरचे लोक चकित झाले. हे वाळवंटातले लोक थोडक्यातही संतुष्ट होतात, मग एवढे देण्याचे कारण काय, असे त्यांनी विचारले. अब्दुल्लांनी सांगितले, की या माणसाचा बाप आपल्या वडिलांचा स्नेही होता. आणि वडिलांच्या स्नेह्यांशी संबंध टिकवून ठेवणे ही पितृसेवेची श्रेष्ठ रीत होय, असे पैगंबरांच्या तोंडून आपण ऐकले आहे.

येथे नाते किती लांबचे आहे ते पाहावे. देणारा मित्राचा मुलगा आणि घेणाराही मित्राचाच मुलगा. ज्या दोघांनी प्रत्यक्ष मैत्री केली त्यांपैकी कोणीही तेथे हजर नाही. आईवडिलांच्या मृत्यूनंतर त्यांच्यासाठी काही करता येईल काय, असे एकाने विचारले असता पैगंबरांनी ज्या गोष्टी सांगितल्याचे अबू दाऊद यांच्या संग्रहात नमूद आहे, त्यांतही हीच दिशा दिसते. त्यांच्यासाठी प्रार्थना करावी, क्षमा मागावी, त्यांनी दिलेले शब्द पुरे करावेत, त्यांच्याकडून आलेली नाती जपावीत आणि त्यांच्या मित्रांचा आदर करावा. श्राद्धकर्माने पितरांचे स्मरण ठेवणाऱ्या समाजाला यातला भाव समजणे कठीण नाही. फरक एवढाच, की येथे स्मरणाचा विधी जिवंत माणसांच्या दारात पार पडतो.

कुराणातील मित्राचे स्थान

हदीसांतील या कथांना कुराणाचाही आधार आहे. ‘नूर’ या चोविसाव्या अध्यायात कोणाकोणाच्या घरी जेवण्यास संकोच नसावा याची एक यादी येते. आईवडील, भाऊ, बहिणी, काका, आत्या, मामा, मावशा असे एकेक रक्ताचे नातेवाईक त्यात येतात, आणि यादीच्या शेवटी मित्र येतो. आप्तांच्या पंक्तीत मित्राचे पान मांडले गेले ते असे. ‘निसा’ या चौथ्या अध्यायात ज्यांच्याशी चांगुलपणाने वागावे अशांची गणना करताना आईवडील, आप्त, अनाथ, गरजू, जवळचा आणि दूरचा शेजारी यांच्याबरोबरच ‘बाजूला असलेला सोबती’ असाही एक निर्देश आहे. याचा अर्थ लावताना भाष्यकारांपैकी कोणी प्रवासातला सोबती म्हटले, कोणी पत्नी म्हटले, तर कोणी विद्याभ्यासात किंवा धंद्यात जोडीला असलेला माणूसही त्यात धरला. शाळेतला बाकावरचा शेजारी आणि कचेरीतला शेजारच्या टेबलावरचा सहकारी यांचाही त्यात समावेश करण्यास प्रत्यवाय नसावा.

अर्थात केवळ जुनेपणामुळे कोणतीही मैत्री पवित्र ठरते असे मात्र नाही. ज्याने सन्मार्गापासून दूर नेले त्याला मित्र केले नसते तर बरे झाले असते, असा पश्चात्ताप न्यायाच्या दिवशी काहींना होईल, असे कुराण बजावते. त्या दिवशी ईश्वराचे भय बाळगणाऱ्यांखेरीज इतर मित्र एकमेकांचे वैरी होतील, असेही ते म्हणते. सत्संगती आणि कुसंगती यांचा भेद सांगताना पैगंबरांनी कस्तुरी विकणारा आणि भाता फुंकणारा लोहार यांचा दृष्टांत दिला आहे. पहिल्याजवळ बसले तर निदान सुगंध मिळतो. दुसऱ्याजवळ बसले तर कपडे जळण्याचा संभव, निदान दुर्गंध तरी ठरलेला. म्हणजे मैत्री जोडताना विवेक हवा. परंतु एकदा जोडलेली मैत्री कशी चालवावी, हा निराळा प्रश्न आहे, आणि त्याचा सर्वांत सांगोपांग विचार अबू हामिद अल-गझाली यांनी केला आहे.

गझालींचा सिद्धान्त

गझाली (१०५८–११११) हे बगदादच्या विख्यात निजामिया विद्यापीठातील आचार्य. इ.स. १०९१ मध्ये ते या पदावर आले आणि १०९५ मध्ये कीर्तीच्या ऐन शिखरावर असताना ते पद त्यागून निघून गेले. त्यानंतरच्या काळात त्यांनी लिहिलेल्या ‘इह्या उलूम अद्दीन’ या महाग्रंथात बंधुभाव आणि मैत्री यांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. मित्राचे आठ हक्क ते सांगतात: आपल्या धनावरचा, आपल्या श्रमावरचा, त्याच्या दोषांविषयी मौन राखण्याचा, त्याच्याविषयी चांगले बोलण्याचा, चुकांना क्षमेचा, त्याच्यासाठी प्रार्थनेचा, निष्ठेचा, आणि औपचारिकतेच्या ओझ्यातून मुक्ततेचा. ‘हक्क’ हा शब्द येथे महत्त्वाचा. मैत्रीत जे दिले जाते ते औदार्य नव्हे; ते देणे आहे.

धनाच्या बाबतीत गझाली तीन पायऱ्या सांगतात. मित्राला आपल्या आश्रिताप्रमाणे मानून त्याने मागण्यापूर्वीच आपल्या शिलकीतून त्याची गरज भागविणे ही सर्वांत खालची पायरी. त्याला बरोबरीचा मानून निम्मे देणे ही मधली. आणि त्याची गरज आपल्या गरजेच्या आधी धरणे ही वरची. मागण्याची पाळी मित्रावर आली तर ती पहिली पायरीही गाठली गेली नाही, असे त्यांचे मत. ही कसोटी लावली तर आजच्या किती मैत्र्या खालच्या पायरीपर्यंत तरी पोहोचतील, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःस विचारावा.

निष्ठेच्या हक्काखाली गझाली म्हणतात, की स्नेह मित्राच्या मृत्यूपर्यंत आणि त्यानंतरही त्याच्या मुलांशी व स्नेह्यांशी टिकविणे म्हणजे निष्ठा. आणि येथेच ते खदीजांच्या काळातील त्या वृद्धेची कथा देतात. आपला दर्जा वाढला, अधिकार वाढला, तरी जुन्या मित्राशी वागण्यातली नम्रता बदलू नये, हाही निष्ठेचाच भाग. बढती मिळाल्यावर जुन्या सोबत्याला बाहेरच्या बाकावर ताटकळत बसविणारे अधिकारी काही आजच निर्माण झालेले नाहीत, असे यावरून दिसते.

परंतु गझालींच्या विवेचनातला सर्वांत मार्मिक भाग क्षमेविषयीचा आहे. मित्र वाईट मार्गाला लागला तर काय करावे? या प्रश्नावर पैगंबरांच्या सोबत्यांतच दोन मते होती. अबू झर यांचे मत, की अशा मित्राला सोडून द्यावे. अबू दर्दा यांचे मत याच्या उलट होते. माणूस एके वेळी वाकडा जातो, दुसऱ्या वेळी सरळ होतो. म्हणून त्याला सोडू नये. गझाली दुसऱ्या मताकडे झुकतात आणि त्याचे कारणही देतात. वाईट माणसाशी मुळातच मैत्री न करणे ही एक गोष्ट आणि झालेली मैत्री तोडणे ही दुसरी. पहिलीत दोष नाही, दुसरीत आहे. या दोहोंतला फरक विवाह न करणे आणि घटस्फोट देणे यांतल्या फरकासारखा आहे. दीर्घकाळच्या मैत्रीला ते रक्ताच्या नात्याप्रमाणे मानतात. भाऊ बिघडला म्हणून तो भाऊ असण्याचे थांबत नाही. उलट, घसरलेल्या मित्राला सोबतीची गरज अधिक असते. गरिबीत मित्राला टाकणे जसे नीच, तसेच त्याच्या नैतिक दारिद्र्यातही.

रुसव्याफुगव्यांची मर्यादाही शास्त्राने घालून दिली आहे. तीन दिवसांहून अधिक काळ अबोला धरू नये, आणि दोघांत जो आधी सलाम करील तो श्रेष्ठ, असे हदीस सांगते. आधी कोणी बोलायचे या एका प्रश्नावर दोन दोन पिढ्यांचे अबोले चालविणाऱ्या घराण्यांना हा उपाय फारच सोपा वाटेल. आचरण्यास तो तितका सोपा नाही. मित्राच्या मागे त्याच्यासाठी केलेल्या प्रार्थनेलाही फार महत्त्व दिले आहे. आपण नमाजात सत्तर मित्रांची नावे घेऊन प्रार्थना करतो, असे अबू दर्दा म्हणत, अशी नोंद गझालींनी केली आहे. ही गोष्ट पैशाची नाही, फक्त आठवणीची आहे. आणि सत्तर नावे आठवणीत ठेवणे हे सत्तर नाणी देण्याहून कठीण आहे.

भिन्नधर्मीय स्नेह्याचे ऋण

येथवर आलेली उदाहरणे बहुतांशी एका श्रद्धेच्या माणसांमधील आहेत. मग हा सारा उपदेश मुसलमानांपुरताच आहे काय? भिन्न धर्मीयाशी जुना स्नेह असेल तर त्याला हा नियम लागू नाही काय? हा प्रश्न टाळून या विषयावर लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. कारण कुराणाच्या पाचव्या अध्यायातील एका आयतीत यहुदी व ख्रिस्ती यांना ‘अवलिया’ करू नये असे सांगितले आहे आणि त्या शब्दाचा अर्थ सरसकट ‘मित्र’ असा लावून इस्लामचे टीकाकार आणि इस्लाममधील कडवे लोक दोघेही ती पुढे करीत असतात.

अनेक अभ्यासकांनी असे दाखविले आहे, की ‘वली’ या शब्दाचा अर्थ पाठीराखा, आश्रयदाता, राजकीय कैवारी असा होतो आणि मदिनेतील युद्धकाळातील पक्षोपपक्षांच्या संदर्भात ती आज्ञा वाचली पाहिजे. सर्वच भाष्यकारांचे यावर एकमत आहे असे नाही. तथापि साठाव्या अध्यायात, ज्यांनी धर्मासाठी तुमच्याशी युद्ध केले नाही आणि तुम्हांस घरांतून हुसकावले नाही त्यांच्याशी चांगुलपणाने व न्यायाने वागण्यास ईश्वर मना करीत नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. आणि शब्दार्थाच्या वादापेक्षाही बोलका पुरावा पैगंबरांच्या आचरणात आहे. तो म्हणजे मुतइम बिन अदी यांचा प्रसंग.

मुतइम हे मक्केतील एक सरदार. त्यांनी इस्लामचा स्वीकार कधीच केला नाही. परंतु कुरैशांनी पैगंबरांच्या कुळावर जो बहिष्कार टाकला होता तो उठविण्यासाठी पुढे झालेल्यांत ते होते. पुढे पैगंबर ताइफहून अपमानित होऊन परतले आणि मक्केत पाऊल ठेवणेही धोक्याचे झाले, तेव्हा याच मुतइमांनी त्यांना आपल्या संरक्षणाखाली घेतले व आपल्या मुलांना सशस्त्र उभे करून तशी जाहीर घोषणा केली. बद्रच्या लढाईपूर्वी मुतइम वारले. त्या लढाईत मक्केचे सुमारे सत्तर लोक कैद झाले. त्या वेळी पैगंबरांनी जे म्हटले ते बुखारींच्या संग्रहात आहे. मुतइम हयात असते आणि त्यांनी या कैद्यांसाठी शब्द टाकला असता, तर आपण त्यांच्याखातर या सर्वांना सोडून दिले असते, असा त्या उद्गारांचा आशय. पैगंबरांचे कवी हस्सान बिन साबित यांनी मुतइमांच्या मृत्यूवर शोकगीत रचल्याची नोंदही सीरतग्रंथांत आढळते.

एका मूर्तिपूजकाच्या जुन्या उपकारासाठी सत्तर शत्रू सोडण्याची तयारी! त्या क्षणी मदिनेचा समाज विजयी होता. मुतइम मृत होते. त्यांच्याकडून पुढे कोणताही लाभ संभवत नव्हता. तरीही ऋण ऋणच राहिले. जुन्या संबंधांचे पालन धर्मभेदाने संपत नाही, हे यापेक्षा अधिक स्पष्टपणे कसे सांगावे?

स्नेह आणि न्याय

मैत्रीला एवढे महत्त्व दिले की दुसऱ्या बाजूने एक धोका उभा राहतो. जुन्या मित्राला नोकरीत चिकटविणे, त्याच्या चुकीवर पांघरूण घालणे, त्याच्या मुलाला परीक्षेत गुण वाढवून देणे, हीही मग ‘निष्ठा’ म्हणून खपविली जाऊ शकते. शिक्षक आणि कारकून या दोन्ही वर्गांना हा प्रश्न अपरिचित नाही. गझालींनी तो ओळखला होता. सत्याच्या विरोधात मित्राला साथ देणे ही निष्ठा नव्हे, असे ते सांगतात आणि इमाम शाफई यांचे उदाहरण देतात. शाफई इ.स. ८२० मध्ये इजिप्तमध्ये मृत्यूशय्येवर होते. महंमद बिन अब्दुल हकम हे त्यांचे जिवलग मित्र. आपल्यानंतर गुरुपीठावर कोणी बसावे असे शिष्यांनी विचारले, तेव्हा तेही तेथे होते आणि आपलेच नाव येईल अशी त्यांना आशा होती. शाफईंनी अल-बुवैती यांचे नाव घेतले, कारण ज्ञानाने आणि विरक्तीने ते अधिक योग्य होते. मित्र दुखावला, तो शाफईंचा संप्रदाय सोडून मालिकी संप्रदायात परत गेला. गझालींचा निर्वाळा असा, की येथे निष्ठा पाळली ती शाफईंनी.

याचा अर्थ मित्राला स्वतःचे घर, स्वतःचे धन, स्वतःचा वेळ द्यावा; परंतु जे स्वतःचे नाही, जे सर्वांचे आहे, ते त्याला देण्याचा अधिकार कोणालाही नाही. खदीजांच्या कंठ्याच्या बाबतीत पैगंबरांनी अनुयायांची संमती घेतली, ती याच विवेकाने.

आजचा हिशेब

या शिकवणीचा आजच्या जीवनाशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध फार निकटचा आहे. बदल्या, शहरांकडची धाव, परदेशगमन यांमुळे माणसे पूर्वीपेक्षा वेगाने एकमेकांपासून दूर जातात. दूर गेलेल्यांना जवळ आणणारी साधने वाढली आहेत; शाळेतल्या वर्गमित्रांचे गट मोबाइलवर तयार होतात आणि सकाळसंध्याकाळ शुभेच्छांची देवाणघेवाण होते. परंतु शुभेच्छा पाठविणे आणि वाटा पाठविणे यांत अंतर आहे. खदीजांच्या मैत्रिणींकडे घरच्या अन्नातला भाग गेला होता. अब्दुल्लांनी डोक्यावरचा फेटा उतरवून दिला होता. स्नेहाची नोंद तेथे शब्दांत झाली नाही, वस्तूंत झाली.

त्याचबरोबर संबंधांचे मोल उपयोगाने ठरविण्याची वृत्ती बळावली आहे. ‘ओळख’ या शब्दाचा अर्थ कचेऱ्यांतून आता काम करून देणारा माणूस असा होऊ लागला आहे. गरज सरो नि वैद्य मरो ही म्हण मराठीत निंदेसाठी रूढ झाली. व्यवहारात तिचे पालन मात्र निमूटपणे होते. सेवानिवृत्त मुख्याध्यापकाच्या घरी पहिल्या वर्षी किती माणसे येतात आणि पाचव्या वर्षी किती, याची मोजदाद कोणी केली तर ती फारशी सुखावह ठरणार नाही. वडील गेले की तेराव्या किंवा चाळिसाव्या दिवसापर्यंत त्यांचे मित्र घरी येतात. त्यानंतर त्यांच्यातले कोण आजारी आहे, कोण एकटे पडले आहे, याची चौकशी मुलांकडून क्वचितच होते. वडिलांची मिळकत नावावर करून घेताना कोणी विसरत नाही. वडिलांचे मित्र मात्र वाटणीत कोणाच्याच हिश्श्याला येत नाहीत.

भिन्नधर्मीय स्नेहांची स्थिती याहून नाजूक आहे. मुंबईत डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये झालेल्या दंगलींनंतर मिश्र वस्त्यांतील अनेक कुटुंबांनी आपापल्या समाजाच्या वस्त्यांचा आश्रय घेतला. घरे बदलली आणि त्यांच्याबरोबर वर्षानुवर्षांची येजाही तुटली. ईदचा शिरखुर्मा आणि दिवाळीचा फराळ ज्या दारांमधून ये-जा करीत होता ती दारे एकमेकांपासून काही कोस लांब गेली. भय खरे होते. स्थलांतराला त्याची कारणे होती. परंतु वस्ती बदलल्याने ऋण फिटत नाही. मुतइमांचे घर आणि पैगंबरांचे घर यांच्यामध्ये पुढे एक युद्ध उभे राहिले होते. तरीही एकाने दुसऱ्याचे आश्रयदान विसरले नाही. हे उदाहरण मुसलमान वाचकाला जितके बांधून घेते तितकेच, त्यातला न्याय पटत असेल तर, हिंदू वाचकालाही बांधून घेते. धर्मग्रंथ कोणाचाही असो, त्यातले चांगले आचरण उचलण्यास कोणाची परवानगी लागत नाही.

या शिकवणीची मागणी फार मोठी आहे असेही नाही. जुन्या शेजाऱ्याच्या नव्या पत्त्यावर सणाला जाऊन यावे. वडिलांच्या हयात मित्रांची नावे आईला विचारून लिहून ठेवावीत आणि त्यांच्यापैकी जो सर्वांत एकटा असेल त्याच्याकडे आधी जावे. ज्याच्याशी अबोला आहे त्याला आपण होऊन हाक मारावी. बढती मिळाल्यानंतर जुना सहकारी भेटीला आला तर खुर्चीवरून उठावे. अंतिम न्यायाच्या दिवसावर विश्वास असलेला माणूस याला इमान म्हणेल. नसलेला याला माणुसकी म्हणेल. ज्या वृद्ध माणसाचे दार त्यामुळे वाजेल, त्याला या दोन शब्दांतला भेद विचारण्याची गरज पडणार नाही.